चौकट मोटर्सचा दहा वर्षांचा आराखडा

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षं बसडेपोच्या स्टोअरमध्ये खिडकीमागे बसला आणि मेकॅनिक लोकांना पार्ट देत राहिला. हे त्याचं पगाराचं काम. खरं काम म्हणाल तर तो एका मोटार कंपनीचा भागीदार आहे. या कंपनीच्या सात गाड्या आहेत, तीन इंजिनं आहेत आणि कारखाना एकही नाही. गिऱ्हाईक एकच आहे, ते म्हणजे मी.

हसू आलं तर खुशाल हसा. मीही खूप हसले आहे, आणि त्या दोघांवर माझ्याइतकं कोणी चिडलंही नसेल. पण गेल्या वर्षी जे झालं ते सांगायला बसले की लोक नेमके नको तिथे हसतात, म्हणून लिहून काढते आहे. मी शिवणकामाचा क्लास चालवते. लिहिणं हा माझा प्रांत नाही, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, मग मी, मग हा. धाकटा सात वर्षांचा असताना त्याला गोवर निघाला. आईनं त्याला आतल्या खोलीत निजवलं आणि आम्हाला दोघांना दाराच्या आत पाऊल टाकायला बंदी केली. मी बाहेर खेळायला पळाले. दादा मात्र चौकटीशी फतकल मारून बसला तो उठेचना. आतून धाकटा कागदावर गाडी काढायचा आणि कागद जमिनीवरून सरकवायचा. दादा बाहेर बसून त्या गाडीचं इंजिन काढायचा आणि कागद परत आत ढकलायचा. तीन आठवड्यांत चार गाड्या झाल्या. मग कंपनी काढणं आलंच, आणि तिचं नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. चौकट मोटर्स.

मला पण काहीतरी व्हायचं होतं. "मी कोण?" म्हणून मी भोकाड पसरलं, तेव्हा दादा म्हणाला, "तू गिऱ्हाईक." मला ते मुळीच आवडलं नाही. "अगं, गिऱ्हाईक नसेल तर कंपनी बुडते," असं त्यानं समजावलं आणि मी भाबडी फसले. तेव्हापासून चोपन्न वर्षं मी त्याच पदावर आहे. बढती नाही.

वर्षाच्या पहिल्या रविवारी दोघं एक लांबलचक कागद घेऊन बसायचे. डावीकडे एकाखाली एक गाड्यांची नावं, पुढच्या रकान्यात त्या वर्षी कोणत्या गाडीला कोणतं इंजिन ते. कोणती गाडी चालू, कोणती बंद. खाली दोन सह्या. दोन्ही झाल्या तरच तो आराखडा, नाहीतर नुसता कागद. सह्या झाल्या की दोघं माझ्याकडे वळायचे आणि विचारायचे, "घेशील का?" मी म्हणायचे, "बघू." पुढे आमची लग्नं झाली, म्हणजे दादाचं आणि माझं, धाकट्यानं काही केलं नाही. माझे यजमान गेले, आईवडील गेले. त्या सगळ्यात पहिला रविवार कधी चुकला नाही, आणि माझं "बघू"ही बदललं नाही.

आणखी एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. या गाड्या नाहीत, हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नाही. आईसुद्धा पानं वाढली की म्हणायची, "मीटिंग आवरा आता." वडिलांनी एकदा जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू कापून गठ्ठा करून दिला आणि "कंपनीला लागतील" इतकंच म्हणाले. थट्टा आम्ही भरपूर केली, पण ते एक वाक्य कोणाच्या ओठावर आलं नाही.

मोठेपणी दादा पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला. धाकट्याला शिकायचं होतं पण गणितानं दोनदा पाय ओढले आणि तो डेपोत लागला. त्यामुळे कंपनी बंद पडेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. दादाची इंजिनं आता ट्रेसिंग पेपरवर, शाईत, एका केसाचाही फरक नाही अशी येऊ लागली. आणि धाकट्यानं डेपोतली शिस्त आणली. मागणीपत्राशिवाय काही मागायचं नाही. गाडी बंद केली तरी तिचे पार्ट वीस वर्षं ठेवायचे. त्याचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे इंजिनं तीनच. सातशे, तेराशे आणि दोन हजार सीसीची.

दादाला प्रत्येक गाडीला वेगळं इंजिन हवं असायचं. दरवर्षी यावर जुंपायची. धाकटा एकदा म्हणाला ते मला अजून आठवतं. "सात इंजिनं म्हणजे सात तऱ्हेच्या पिस्टन रिंगा, सात तऱ्हेची ऑइल सील. एकाचेही पुरेसे नग राहणार नाहीत. मग गाडी तीन आठवडे जागच्या जागी उभी. माणूस खिडकीशी येतो आणि मी 'शिल्लक नाही' म्हणतो, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते तू बघितलं नाहीस, दादा."

त्याच्या गाड्या अशा माणसांसाठी असायच्या. चिमणी ही लहान, दोन दारांची, सातशेची, एकट्या नर्सला स्वतःची स्वतः हाकता येईल अशी. साळुंकी शिक्षकांसाठी. टिटवी दूध वाहायला. बगळा दवाखान्याचा, त्यात स्ट्रेचर वळवावं न लागता आत जातं. करकोचा म्हणजे उंच टपाची व्हॅन, पुस्तकं घेऊन गावोगाव फिरणारी. पारवा कुटुंबाची गाडी. घार तेवढी दादाची हौस म्हणून ठेवलेली, दोन हजारची, तिचा उपयोग काय हे धाकट्यानं कधी विचारलं नाही. एवढा लाड त्यानं दादाचा केला.

दादाच्या कामात एकच खोड होती. बारीकसारीक गोष्टी तो काढायचा नाही. दोन भागांमध्ये वॉशर असेल, गॅस्केट असेल, रबराचा तुकडा असेल, तर दादाच्या आराखड्यात तिथे नुसती एक रेघ. धाकट्याचा जन्म नेमका त्या रेघेत गेलेला.

नऊ वर्षांपूर्वीच्या पहिल्या रविवारी नवा पारवा यायचा होता. धाकट्यानं गाडी अशी काढली होती की मी शिवण सोडून बघत उभी राहिले. बॉनेट खाली उतरलेलं, पुढून मागपर्यंत एकच ओळ, हात न उचलता काढल्यासारखी. त्या वर्षी मी "घेते" म्हणणार होते, खरंच सांगते. धाकट्यानं दादाच्या इंजिनाचा ट्रेसिंग पेपर आपल्या गाडीवर ठेवला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "दादा, हे इंजिन कशावर बसलंय?"

"चॅसीवर. आणखी कशावर बसेल?"

"मधे रबर कुठाय? चार पॅड लागतात. नाहीतर अख्खी गाडी थरथरेल. पस्तीस मिलिमीटर उंची वाढते. बॉनेट लागणार नाही."

बरोबर होतं त्याचं. दादाही समजला असणार, कारण त्याचे कान लाल झाले. एरवी त्यानं हसून ती रेघ खोडली असती. त्या दिवशी म्हणाला, "खिडकीतून वॉशर देणाऱ्यानं मला इंजिन शिकवू नये."

पुढे कितीतरी दिवसांनी वहिनीनं मला सांगितलं की त्याच आठवड्यात कारखान्यानं दादाचं ड्रॉइंगचं टेबल उचलून नेलं होतं. सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला त्यांनी एक खुर्ची आणि आवक-जावकची वही दिली होती. हे आम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर धाकट्यानं जीभ चावली असती, पण तसं झालं नाही. आवाज न चढवता, कागदावर बोट ठेवून तो म्हणाला, "तुझं एक तरी इंजिन कधी सुरू झालंय का, दादा?"

पंचेचाळीस वर्षांत कोणी न बोललेलं वाक्य असं बोलून झालं. दादानं पेनाला टोपण लावलं. ट्रेसिंग पेपर नीट गुंडाळला. मफलर विसरून जिना उतरला. सही राहिली ती राहिलीच.

नऊ वर्षं दोघं बोलले नाहीत. धाकटा दोनदा त्याच्या दारापर्यंत गेला. दोन्ही वेळा दादा मागच्या खोलीत दार लावून होता आणि वहिनीनं ओशाळं होऊन "झोपलेत" म्हणून सांगितलं. मग तो जायचा थांबला. आराखडा अर्थातच झाला नाही. एकट्याच्या सहीनं तो करणार नव्हता. तो निवृत्त झाला, माझ्याकडे क्लासच्या वरच्या खोलीत राहायला आला, आणि पहिल्या रविवारी सकाळी लवकर उठून फिरायला निघून जायचा. मी दोघांनाही मनातल्या मनात शिव्या घालायचे. जास्त दादाला. मोठा असून ताठा धरून बसला म्हणून.

गेल्या वर्षी धाकटा दारांना धडकायला लागला. आधी मी त्यालाच बोलले, लक्ष कुठे असतं म्हणून. मग तो पेल्याच्या बाजूला पाणी ओतायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर कधीच गेली होती, याला कळलंच नव्हतं. "गेलेली परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलीय ती टिकवायचा प्रयत्न करू. पण वर्षभर धरून चाला."

घरी आल्यावर तो रडेल, निदान गप्प बसेल, असं मला वाटलं. त्यानं कपाटावरून कागदाची गुंडाळी काढायला लावली. "ताई, एकेका वर्षाचं आता जमणार नाही. दहा वर्षांचं एकदमच करून ठेवतो. दिसतंय तोवर. दादाची सही झाली की झालं."

"आणि नाही झाली तर?"

"तर तो कागद," तो म्हणाला.

त्यानंतर रोज सकाळी नऊ ते अकरा तो खिडकीशी बसला. माझ्या कापड मोजायच्या पट्टीनं मी रकाने आखून द्यायचे. सात ओळी, दहा वर्षं. त्याच्या एका हातात भिंग, दुसऱ्यात जाड पेन. टिटवी चौथ्या वर्षी बंद, कारण दूध आता मोठ्या टँकरनं जातं. पण तिचे पार्ट चोविसाव्या वर्षापर्यंत, हे त्यानं समासात लिहिलं. ते कोण देणार, असं माझ्या तोंडावर आलं होतं, मी गिळलं. साळुंकीला पाचव्या वर्षापासून सातशेऐवजी तेराशे, कारण शिक्षकही आता लांब राहायला गेलेत. घारीचं दोन हजार सहाव्या वर्षी काढून तिलाही तेराशे. इथे तो म्हणाला, "दादा ओरडेल." मग स्वतःशीच हसला. दादा ओरडावा म्हणूनच त्यानं ते लिहिलं, असा मला दाट संशय आहे.

पारव्याची ओळ कोरी राहिली. त्या उतरत्या बॉनेटखाली बसेल असं बुटकं तेराशे दादालाच काढता येणार होतं. म्हणून एक दिवस त्यानं डेपोच्या पद्धतीनं मागणीपत्र लिहिलं. इंजिन, तेराशे, कमी उंचीचं, नग एक. कारण: पारवा. आणि ते माझ्या हातात दिलं.

"अरे, हे कसलं कागदी घोडं? तोंडानं माफी माग ना," मी म्हणाले.

"काय म्हणून मागू? तुझं इंजिन सुरू झालं होतं, असं म्हणू? ते खोटं होईल. दादाला लगेच कळेल."

मी बसनं गेले. दादा मागच्या खोलीतून आला तो हात फडक्याला पुसत, एका बोटाला चिंधी बांधलेली, अंगाला ग्रीसचा वास. उभ्याउभ्या कागद वाचला, त्याखाली "शिल्लक नाही" लिहिलं आणि सही केली. मला इतका राग आला की मी पाणीही घेतलं नाही. परत येऊन तो कागद धाकट्यापुढे टाकला. त्यानं भिंगातून बघितलं. "सही केलीय," म्हणाला, आणि दिवसभर खुशीत होता. असल्या माणसांपुढे डोकं फोडून घ्यावं.

दोन महिन्यांनी दुसरं मागणीपत्र. ते हातात घेतल्यावर दादा चपापला. "अक्षर एवढं मोठं का?"

मी सांगितलं. तो खुर्चीवर बसला. कितीतरी वेळ त्या कागदावरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, आता उठेल, चपला घालेल. तो म्हणाला, "येतो म्हणावं त्याला."

"कधी?"

"थोडं काम उरलंय."

निवृत्त माणसाला कसलं काम? माझा तोल गेला. "त्याचे डोळे चाललेत आणि तू तुझा ताठा कवटाळून बस," असं मी वहिनीसमोर बोलले. दादानं मान खाली घातली. आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते, पण बोलले हे खरं.

तिसऱ्या मागणीपत्रावरची अक्षरं ओळी सोडून घसरली होती. त्यावर दादानं फक्त "थांब" लिहून दिलं. धाकट्याला ते वाचता आलं नाही, मीच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "थांबलोच आहे की."

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका सकाळी त्यानं मला दिवा लावायला सांगितलं. दिवा लावलेलाच होता, आणि खिडकीतून ऊनही आलं होतं. मी गप्प राहिले, त्यावरून तो समजला. आराखड्याची घडी घालून त्यानं गादीखाली ठेवली. "राहू दे आता," म्हणाला. त्या दिवशी मी क्लास बंद ठेवला आणि खाली मशीनपाशी बसून पोटभर रडले. मग वहिनीला फोन करून म्हटलं, "दादाला सांगा, आता घाई नाही."

आठव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची पायरी. दादा दोन्ही हातांत लाकडी खोकं धरून चढत होता. मी मदतीला गेले तर मानेनंच नको म्हणाला. खोकं टेबलावर ठेवलं आणि धापा टाकत उभा राहिला.

"मी आलोय," म्हणाला.

"पावलांवरून कळलं," धाकटा म्हणाला. "ये, बस."

दादा बसला नाही. खोक्यातून त्यानं एक लोखंडी वस्तू काढली, जेवणाच्या डब्याएवढी, आणि धाकट्याचे दोन्ही हात धरून तिच्यावर ठेवले. धाकट्याची बोटं आधी दचकली. मग हळूहळू फिरायला लागली. तीस-पस्तीस वर्षांत दिवे गेले असतानाही त्या बोटांनी कधी चुकीचा पार्ट दिला नव्हता. "फ्लायव्हील," तो पुटपुटला. "हा कार्बुरेटर. ही टाकी. प्लग. एकच सिलिंडर आहे."

"तेराशेचंच आहे," दादा म्हणाला. "चारातलं एक घेतलं आणि लहान केलं. तेव्हापासून करतोय. दोन क्रँक वाया गेले. प्लगसुद्धा घरीच केलाय. दोन वर्षं झाली पुरं होऊन. पण सुरू होत नाही. सुरू झालं की येणार होतो. तू म्हणालास ते खरंच होतं रे."

नऊ वर्षं मी ज्याला ताठा म्हणत होते ती लाज होती. दार लावून, बोटं कापून घेत, हा माणूस आपल्या धाकट्या भावाकडे यायची वाट तयार करत होता, आणि आम्ही त्याला ताठ म्हणत होतो.

धाकट्यानं फ्लायव्हील हातानं फिरवलं. कान जवळ नेला आणि परत फिरवलं. "दाब धरत नाहीये."

"रिंगा तीनदा बदलल्या."

"रिंगा नाहीत." त्याची बोटं वर सरकली आणि प्लगच्या बुडाशी थांबली. नखानं त्यानं तिथे एक फेरी मारली. "दादा, प्लगखाली काय घातलंस?"

"काही नाही. बरोबर मापात बसवलाय. अगदी चपखल."

"आराखड्यात तिथे काय आहे?"

दादा म्हणाला, "रेघ."

"तिला जाडी असते," धाकटा म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना बघितलं. मला ते तत्काळ समजलं, कारण शिवणीचं कापड न सोडता शर्ट कापणाऱ्या मुली मी चाळीस वर्षं बघते आहे.

तो निवृत्त झाला तेव्हा डेपोच्या मेकॅनिकांनी त्याला एक पत्र्याचा डबा भेट दिला होता. आत स्टोअरमधल्या प्रत्येक जातीच्या वॉशरचा एकेक नग, घासून चकचकीत केलेला. तो डबा त्यानं मला आणायला सांगितला. बोटांनी एकेक वॉशर उचलून तो बाजूला ठेवत गेला. हा नाही. हाही नाही. शेवटी एक सापडला, डिझेलच्या नळीला लागतो तसला, तांब्याचा. दादानं हात पुढे केला. धाकट्यानं मूठ मिटली.

"मागणीपत्र," तो म्हणाला.

मला वाटलं, दादा आता परत खोकं उचलणार. पण त्यानं खिशातलं पेन काढलं आणि माझ्या मापांच्या वहीतला कागद फाडून, मोठ्यानं वाचत लिहायला लागला. "वॉशर, तांब्याचा, दहा मिलिमीटर, नग एक."

"कारण लिही."

दादाचं पेन थांबलं. मग त्यानं काहीतरी लिहिलं, ते वाचलं मात्र नाही.

"काय लिहिलंय, ताई?"

मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, "माझ्या आराखड्यात राहून गेला." मी ते वाचून दाखवलं. धाकट्यानं मूठ उघडली.

दादानं प्लग काढला, वॉशर घातला, प्लग परत आवळला. दोरी फ्लायव्हीलला गुंडाळून ओढली. काही नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा काही नाही. धाकट्यानं पंजा टेबलावर सपाट ठेवला होता. पाचव्या ओढीला ते खोकलं, निळा धूर सोडला आणि एकदम चालू झालं. खोलीभर आवाज झाला. खालची शिवणयंत्रं थांबली. टेबलावरचे वॉशर नाचायला लागले. फार तर अठरा-वीस सेकंद चाललं असेल, मग दोन आचके देऊन बंद पडलं.

"झालं सुरू," धाकटा म्हणाला. एवढंच. जे विचारून नऊ वर्षं झाली होती, त्याचं उत्तर त्यानं स्वतःच दिलं.

दादा तोंडावर ग्रीसचे हात घेऊन रडत होता. मी त्याला थोपटायला गेले नाही, माझीच तीच गत होती.

थोड्या वेळानं धाकटा म्हणाला, "ताई, गादीखालचा कागद दे त्याला." दादानं तो टेबलावर पसरला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागला. चिमणी, साळुंकी, टिटवी. घारीपाशी त्याचा आवाज चढला. "सहाव्या वर्षी तेराशे? घारीला?" "मग दोन हजारचे पार्ट कोण सांभाळणार?" "अरे पण घार आहे ती." एक वाजेपर्यंत दोघं भांडले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की भाजी करपली तरी कळलं नाही. शेवटी घारीचं दोन हजार आठव्या वर्षापर्यंत राहिलं. पारव्याचं बॉनेट होतं तेवढंच खाली ठेवायचं ठरलं, इंजिन दादा बुटकं करणार, रबर धरून. कोऱ्या ओळीत त्यानं दहाही रकान्यांत तेराशे लिहिलं आणि खाली सही केली.

धाकट्याचं बोट मी सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं. त्यानं माझा हात बाजूला केला आणि आपलं आपण सही केली. ती कागद संपला तरी पुढे टेबलावर गेली. अजून आहे तिथे, मी पुसलेली नाही.

मग नेहमीप्रमाणे दोन्ही तोंडं माझ्याकडे वळली. धाकट्याचं जरा चुकीच्या बाजूला, मी होते त्याच्या थोडं डावीकडे.

"घेशील का?"

"घेते," मी म्हणाले. "पारवा. रंग कोणता आहे?"

चोपन्न वर्षांत असं उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. रंग नेहमी धाकटा ठरवायचा, आणि दिसेनासं झाल्यापासून त्यानं डोळ्यांबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

"मला दिसत नाही गं, ताई," तो म्हणाला. "रंगाचं आता तू बघ."

दादानं पट्टी मागून घेतली, कागदाच्या कडेला एक नवा रकाना आखला, दोन सह्यांच्या शेजारी तिसऱ्या सहीसाठी जागा सोडली आणि पेन माझ्या हातात दिलं.